पाणी न दिलेलं पोलाद

गेल्या ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एल्जिन गावाच्या पूर्वेकडच्या एका जुन्या लाकडी घराच्या गॅरेजमध्ये मी उभी होते. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं सगळा संसार टेबलांवर मांडतात, प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावतात आणि दोन दिवस दारं उघडी ठेवतात. इकडे त्याला इस्टेट सेल म्हणतात. अशा ठिकाणी मला जाववत नाही आणि गेल्यावाचून राहवतही नाही. स्वयंपाकघरात हारीने लावलेल्या सहा कपांपैकी एकाचाच टवका उडालेला होता, म्हणजे तो रोजचा असणार. गॅरेजमध्ये मात्र वेगळाच वास होता. डांबराच्या गोळ्या, जुनं वार्निश आणि त्याखाली कुठेतरी कोंबडीच्या खुराड्यासारखा, कोरडा, पिसांचा. त्या वासावरून मी ओळखलं की गेलेला माणूस माशा बांधणारा होता. मासे पकडायच्या गळावर पिसं, दोरा, केस गुंडाळून किड्यासारखं आमिष तयार करायचं, त्याला फ्लाय बांधणं म्हणतात. मी आठ वर्षं ते करते आहे.

खिडकीखालच्या टेबलाच्या कडेला दोन व्हाइस, म्हणजे बांधताना गळ घट्ट धरून ठेवायची छोटी अवजारं, लावलेले होते. बोटभर जाडीचा उभा दांडा, वर पुढे झुकलेलं नळकांडं, टोकाला चिमुटीएवढे जबडे. लांबून पाहिलं तर जुळे भाऊ. माझ्या पुढे सत्तरीचा एक माणूस होता. त्याने पहिल्यावर अंगठा फिरवला आणि देवळातल्या घंटेला हात लावून यावं तसं हळूच म्हणाला, "थॉम्पसन." मग दुसरा वळवून त्याच्या पाठीवरची अक्षरं वाचली. मला म्हणाला, "तुम्ही बांधत असाल तर हा पहिला घ्या, सोडू नका. माझ्याकडे तीन आहेत म्हणून, नाहीतर तुम्हाला मिळाला नसता. दुसरा राहू द्या. तो इंडियन आहे." एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "मी वस्तूबद्दल बोलत होतो," तो म्हणाला. मी म्हटलं, मला कळलं. आणि खरंच कळलं होतं. त्याच्या बोलण्यात आकस नव्हता, उलट मला चांगली वस्तू मिळावी म्हणून तो झटत होता. तो उद्धट असता तर मी घरी येईपर्यंत विसरून गेले असते.

मी दोन्ही घेतले. पहिल्याचे पंधरा डॉलर, दुसऱ्याचे दोन.

घरी येऊन दोन्ही व्हाइस ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण तो जे म्हणाला ते मला आधीच ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी इथल्या पहिल्या लांबलचक हिवाळ्याने मी अगदी मेटाकुटीला आले होते. दुपारी साडेचारला अंधार, खिडकीबाहेर बर्फ, आणि हाताला काही काम नाही. आमच्याकडे कोल्हापुरात संध्याकाळी बायका अंगणात बसून काहीतरी करत असतात, कुणी वाती वळतं, कुणी क्रोशाची सुई हलवतं. तो हाताचा चाळा मला हवा होता. गावच्या क्लबमध्ये दर मंगळवारी फ्लाय बांधायला शिकवतात असं कळलं. मासेमारीचा मला गंधही नव्हता. पंचगंगेच्या घाटावर गळ टाकून बसलेली पोरं पाहिली होती, तेवढीच ओळख. गांडूळ लावायचं, बुचाकडे डोळा ठेवायचा आणि आई हाक मारेपर्यंत बसायचं. इकडे तर लोक महिनोन् महिने नुसती आमिषंच बांधतात, नदीवर जायचा दिवस वर्षातून दहा वेळा उजाडतो. नवशिक्यांसाठी मिळणारी एक पेटी मी विकत घेतली. त्यात कात्री, दोऱ्याची रिळं, थोडी पिसं आणि एक व्हाइस होता. तो उलटा केला तर मागे अक्षरं, मेड इन इंडिया. परक्या गावात अचानक माहेरचं कुणी भेटावं तसं मला झालं. शेजारच्या बाईंना मी तो कौतुकाने दाखवलाही.

पहिल्याच संध्याकाळी गळ तीन वेळा निसटला. मी दोरा ताणला की गळ जबड्यात फिरायचा, मान टाकायचा. शिकवणाऱ्या आजोबांनी काही न बोलता आपल्या पेटीतून एक जुना व्हाइस काढून माझ्यापुढे लावला आणि माझा बाजूला ठेवला. मग त्यांनी गळ अडकवून त्याच्या डोळ्याजवळ, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाजवळ, नखाने टिचकी मारली. टिंग. सतारीच्या तरफेच्या तारेसारखा बारीक आवाज आला. "पकड बसली की गळ बोलतो," ते म्हणाले. माझ्या व्हाइसमधला गळ बोलत नव्हता, टिचकी मारली की नुसता हलायचा.

त्यांनी लावून दिलेला व्हाइस होता थॉम्पसनचा मॉडेल ए.

या व्हाइसबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण इतकी कमी हलणारी आणि इतकं नेमकं काम करणारी वस्तू मी दुसरी फारशी पाहिलेली नाही. टेबलाच्या कडेला आवळायला खाली सी-क्लॅम्प. त्यातून वर जाणारा दांडा, उंची हवी तशी करून पेचाने घट्ट करायची. वरच्या नळकांड्याच्या आत एक पोलादी कांडी आहे, तिचं पुढचं टोक चिरून त्याचेच दोन जबडे केलेले. मागे एक खटका. तो खाली दाबला की कॅम, म्हणजे एका बाजूला फुगीर असलेली चकती, फिरतो आणि कांडीला मागे ओढतो. कांडी नळकांड्याच्या निमुळत्या तोंडात शिरते आणि जबडे मिटतात. चिमूटभर हालचाल, पण गळ असा धरला जातो की दोऱ्याने ओढून ओढून दोरा तुटेल, गळ हलणार नाही. मोठा गळ असेल तर जबड्यांची बैठक थोडी फिरवून घ्यायची, लहान असेल तर उलट. बस्स. मागे राहून गेलेलं काही नाही, उगाच लावलेलं काही नाही. बिघडायला जागाच नाही म्हणा ना. साठ वर्षं वापरलेले थॉम्पसन आजही टेबलांवर आहेत. ज्या खटक्यावर रोज अंगठा पडला तिथला मुलामा गेलाय, पितळी उंबऱ्यासारखी झीज दिसते, आणि पकड तशीच.

डी. एच. थॉम्पसन यांचा हा कारखाना याच एल्जिन गावातला. गेल्या शतकाच्या मधल्या काही दशकांत अमेरिकेत कुणी फ्लाय बांधायला शिकलं तर त्याच्या टेबलावर बहुधा थॉम्पसनच असायचा. मॉडेल ए हा त्यातला सगळ्यांचा लाडका. पिसं धरायचे त्यांचे छोटे चिमटेही असेच घराघरात होते. व्हाइस म्हटलं की डोळ्यांपुढे जो आकार येतो, तो आकारच त्यांनी घडवला. त्याआधीच्या पिढ्यांतले कित्येक जण तर गळ बोटांतच धरून बांधत. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने गळ धरायचा आणि उजव्या हाताने सगळं. मी एकदा करून पाहिलं, अर्ध्या तासात बोटं वाकडी झाली.

गाव नदीकाठचं आहे. फॉक्स नदी मधून वाहते, तिच्या दोन्ही काठांवर जुन्या गिरण्या आणि गोदामं. एल्जिनचं नाव जगभर गेलं ते घड्याळांमुळे. १८६४ साली इथे घड्याळांची कंपनी निघाली आणि पुढच्या शंभरेक वर्षांत तिने जवळपास ६ कोटी घड्याळं केली. ताऱ्यांच्या वेधावरून वेळ लावायला कंपनीने स्वतःची वेधशाळा बांधली होती. कारखान्याचा मनोऱ्यासह असलेला मोठा वाडा १९६६ मध्ये पाडला, वेधशाळेची छोटीशी इमारत मात्र उभी आहे आणि शाळेतल्या मुलांना तिथे तारे दाखवतात. मी एकदा मुलीला घेऊन गेले होते. गोल घुमटाखाली मुलं माना वर करून बसली होती आणि मला आपलं वाटत होतं की ज्या गावात एवढ्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या केसाइतकी बारीक स्प्रिंग आणि डाळीएवढी चाकं हाताळली, त्या गावात गळ धरणारा असा नेमका जबडा निघावा यात नवल नाही. थॉम्पसनच्या कारखान्यातली माणसं घड्याळाच्या कारखान्यातून आली होती असं मी म्हणत नाहीये. पण गावाच्या हाताला एक वळण असतं. आमच्या कोल्हापूरच्या हाताला आहे तसं.

मग हा कारखाना मागे का पडला? त्या इस्टेट सेलपासून मी अनेकांना हे विचारलं आणि जुन्या कॅटलॉगांची पानं चाळली. एक कारण वरून आलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे नवे व्हाइस आले. रेगलचा आला, त्यात दांडी दाबली की जबडे उघडतात आणि सोडली की स्प्रिंगच्या जोरावर मिटतात, गळ लहान असो की मोठा, काही जुळवावं लागत नाही. रेन्झेटीचा आला, त्यात गळ आपल्याच आसाभोवती फिरतो, म्हणजे कबाबाच्या सळईसारखं फिरवत फिरवत बांधता येतं आणि पलीकडची बाजूही दिसते. डायना-किंग, एचएमएच हेही त्याच सुमाराचे. हौशी माणसं दोनशे-तीनशे डॉलर मोजायला तयार झाली आणि जुन्या साध्या व्हाइसकडे बघायची नजर बदलली. थॉम्पसननेही नवी मॉडेलं काढून पाहिली, पण लोकांच्या मनात घर केलं होतं ते मॉडेल एनेच. दुसरं कारण असं की थॉम्पसन मोडत नाही. ज्याने १९५५ मध्ये घेतला त्याला १९८५ मध्ये दुसरा घ्यायचं कारण नव्हतं. तो मुलाला देऊन टाकायचा. मला हे कारण फार लागतं. एखाद्याने काम इतकं चांगलं करावं की त्याचं गिऱ्हाईक परत दाराशी येऊच नये.

आणि तिसरं कारण खालून आलं, आपल्याकडून.

मॉडेल एची रचना इतकी उघडी आणि इतकी साधी आहे की नमुना हातात आला की कुणीही चांगला फिटर ती उतरवून काढेल. भारतात ती उतरवली गेली आणि हजारोंनी, कदाचित लाखोंनी इथे आली. नवशिक्यांच्या पेट्यांमध्ये, स्वस्त दुकानांच्या मांडण्यांवर, भेट म्हणून. तेच झुकलेलं नळकांडं, तोच खटका, तोच सी-क्लॅम्प. किंमत मूळ वस्तूच्या पासंगालाही पुरणार नाही अशी. शिकायला येणारा माणूस पहिल्या दिवशी भारी व्हाइस घेत नाही, तो स्वस्त घेतो. तोच तर थॉम्पसनचा माणूस होता, पहिला व्हाइस घेणारा. तो गेला. वरच्या पायरीवर महागडे फिरते व्हाइस, खालच्या पायरीवर आपली नक्कल, आणि मधल्या पायरीवर थॉम्पसन. गेल्या आठ वर्षांत मला एकाही दुकानात नव्या डब्यातला थॉम्पसन दिसलेला नाही. दिसतात ते असे, गेलेल्या माणसांच्या टेबलांच्या कडेला.

हे कळल्यावर मला जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. लाज म्हणावी तर लाज नव्हती. राग होता, पण कुणावर? आणि या सगळ्याच्या तळाशी एक आठवण खदखदत होती, ती माझ्या मामांच्या शेडची.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मामांचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक शेपर आणि कोपऱ्यात दगडी ओट्यावर बसवलेला शेगडा. व्हाइसला शेगडा म्हणणारे तिथले ते शेवटचे, बाकी पोरं वाइसच म्हणायची. सुट्टीत मी डबा घेऊन जायचे. कापताना धातूवर सोडायच्या कुलंटचा तो आंबूस, साबणासारखा वास, लेथवरून सुटणारा निळसर पोलादाचा कीस, पायाला चिकटणारा तेलकट धुरळा. मामांच्या शर्टाला तो वास इतका मुरलेला की मामी धुताना म्हणायची, ह्यातनं आता कापड निघंल पण वास निघणार न्हाई. काम बहुतेक जॉबचं. मुंबईचा किंवा पुण्याचा कुणी व्यापारी यायचा, रुमालात गुंडाळलेला एखादा विलायती तुकडा टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, असं करून द्या. कशाचा भाग आहे, कुठे बसतो, कशाला लागतो, हे तो सांगायचा नाही आणि मामा विचारायचे नाहीत. ते तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ फिरवायचे. मग चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ न्यायचे. कधी कधी म्हणायचे, "कुणी केलाय कोण जाणं, पन मानूस दर्दी हाय." त्यानंतर भाव ठरायचा.

भाव ठरताना मी एकदा तिथेच बसले होते. मी सातवीत असेन. एक लहानसा दोन फाट्यांचा चिमटा होता. मामा म्हणाले, ह्याला पाणी द्यायला लागंल, न्हाईतर चार दिवसांत फाकंल. व्यापारी म्हणाला, पाणी-बिणी राहू दे, दिसायला असाच दिसला पाहिजे, भाव हा. मामांनी मान हलवली, नकाराची. मग दोन दिवसांनी होकाराची, कारण शेडवर चार माणसं होती आणि त्या महिन्यात दुसरं काम नव्हतं. विळा, कोयता, छिन्नी तापवून लालबुंद करायची आणि पाण्यात किंवा तेलात बुडवायची, त्याला आपण पाणी देणं म्हणतो. त्या चुर्र आवाजानंतर लोखंडाच्या अंगात जे येतं ते डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले तर सारखेच. ते चिमटे पाचशे झाले, एका पोत्यात भरले, गेले. त्या पोत्याला गाठ मारताना मामा बोलले नाहीत. मी तेव्हा समजले की ते दमलेत.

ते चिमटे कुठे गेले आणि कुणाच्या हातात फाकले, ते ना मामांना कधी कळलं ना मला. व्हाइस मामांनी कधी केले नाहीत. पण माझ्या ओट्यावरचा तो दोन डॉलरचा व्हाइस मी उलटा केला, त्याच्या जबड्याच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं तेव्हा तिथे बर लागला. धातू कापल्यावर राहणारी ती बारीक धारदार कड, जी शेवटच्या पाच मिनिटांत कानशीने काढून टाकायची असते. तो बर हाताला लागला आणि मला कळलं की ही पाच मिनिटं भावात बसली नव्हती. करणाऱ्याला येत नव्हतं असं नाही. दांड्याचा गोलावा सुरेख होता, पेचाच्या टोपीवरची खडबडीत नक्षी एकसारखी उमटली होती, आटे गुळगुळीत फिरत होते. ज्या हाताने हे केलं त्या हाताला जबड्याचंही करता आलं असतं.

इथे आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती मला सारखी उलट्या बाजूने ओढते. फ्लायच्या मानेभोवती जे पीस गुंडाळतात, ज्याच्या काट्यांवर ती पाण्यावर तरंगते, ते कोंबड्याच्या मानेचं असतं. कित्येक वर्षं ते भारतातून यायचं. 'इंडियन नेक' असंच त्याचं नाव, म्हणजे आपल्या गावठी कोंबड्याच्या मानेचं सुकवलेलं कातडं, पिसांसकट. जुने लोक अजून त्याच्या आठवणी काढतात, कारण आपल्या कोंबड्याची पिसं आखूड, बारीक गळांना नेमकी बसणारी. मग हेन्री हॉफमन यांनी ऑरेगनमध्ये वर्षानुवर्षं निवडून निवडून केवळ पिसांसाठी कोंबड्यांची पैदास केली. १९८९ मध्ये टॉम व्हाइटिंग यांनी ती पैदास कोलोरॅडोत नेली आणि वाढवली. त्या कोंबड्यांचं एक पीस वीतभर लांब, एकसारखं, एका पिसात दोन-तीन फ्लाय. आपली मान त्यापुढे मागे पडली. म्हणजे त्यांच्या व्हाइसला आपल्या स्वस्ताईने मागे सारलं आणि आपल्या कोंबड्याला त्यांच्या धीराने. याने हिशेब फिटला असं मला वाटत नाही. मला एवढंच दिसतं की कुठल्यातरी अंगणात कोंबडी पाळणाऱ्या एखाद्या बाईला कधीतरी चार पैसे सुटायचे आणि मग ते सुटायचे थांबले, आणि का थांबले हे तिला कुणी जाऊन सांगितलं नसेल.

आणि आपला रानकोंबडा. राखाडी रानकोंबडा, सह्याद्रीतला. महाबळेश्वर-कोयनेकडच्या रानात पहाटे त्याची बांग ऐकली असेल तर आठवेल, गावच्या कोंबड्यापेक्षा तुटक, खरखरीत. त्याच्या मानेच्या पिसांवर पिवळट पांढरे, लाखेचे थेंब सांडल्यासारखे टिपके असतात. त्या टिपक्यांसाठी इंग्रजांनी त्याच्या माना बोटी भरून नेल्या, सॅल्मन माशाच्या फ्लायवर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे लावायला. आता आपल्याकडून ती निर्यात बंद आहे, पिसांसाठी लागणारे पक्षी विलायतेतच पाळतात. क्लबमध्ये एकदा एका जुन्या डबीत तसं पीस पाहिलं. ते हातात घेतल्यावर मला राधानगरीच्या वाटेवरची ओली माती आठवली, आणि मी ते परत डबीत ठेवून दिलं. बांधायला मागितलं नाही.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मामांना व्हिडिओवर फोन लावला. मामा आता ब्याऐंशीचे. शेड विकून बारा वर्षं झाली. मोठा लेथ भंगारवाल्याने किलोवर नेला, त्या दिवशी ते घरातून बाहेर पडले नाहीत असं मामी सांगते. हातात अजून एचएमटीचं घड्याळ, रोज सकाळी चावी देतात. मी दोन्ही व्हाइस कॅमेऱ्यापुढे धरले आणि काय आहे ते सांगितलं. मासे पकडायला माशी बांधतात हे त्यांना पटायला वेळ लागला. पटल्यावर म्हणाले, "जबडा दाव. जवळनं. तसा न्हाई, उजेडाकडं कर."

मी दाखवला.

"बारीक कानस हाय का घरात?"

होती. माझ्या डब्यात सुयांसारख्या कानशींचा संच आहे, गळांची टोकं घासायला.

"पयल्याच्या जबड्यावर मागच्या अंगाला लाव. हळू."

थॉम्पसनच्या जबड्यावर मी कानस ठेवली आणि ओढली. ती काचेवरून सरकावी तशी सरकली, किंचितसा आवाज करून. एक ओरखडाही नाही.

"पाणी हाय," मामा म्हणाले. "आता दुसरा."

दुसऱ्यावर ठेवली तर ती चावली. पहिल्याच ओढीला चांदीसारखा चकचकीत पट्टा उमटला आणि ओट्यावर पिठासारखा कीस पडला. मामांना तो स्क्रीनवर दिसला असेल नसेल, पण आवाज ऐकू गेला. ते गप्प झाले. मग त्यांनी विचारलं, नवा असताना केवढ्याला विकत होते? मी जुन्या कॅटलॉगांत पाहिलेला भाव सांगितला. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. दुकानदाराचे, बोटीचे, व्यापाऱ्याचे वजा करत असणार. "त्यात पाणी कुठनं बसायचं, पोरी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात करणाऱ्याची बाजू घेणं नव्हतं. पोत्याला गाठ मारतानाचा आवाज होता तो. नंतर त्यांनी मला थॉम्पसनचा खटका परत परत वर-खाली करायला लावला आणि कॅमचा उतार निरखत राहिले. "ह्यो मानूस हाय का अजून?" मी सांगितलं, थॉम्पसन तर नाहीतच, कारखानाही उरलेला नाही. "आनि त्यो दुसरा? त्याचं शेड?" मी म्हटलं, कुणाचं आहे तेच कुठे लिहिलंय मामा, नुसतं इंडिया लिहिलंय.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मागे मामी कुणाशी तरी फराळाच्या डब्यांबद्दल बोलत होती. मग मामा खुर्चीत पुढे सरकले, चष्मा कपाळावर चढवला. "पाणी काय आता देता यायचं न्हाई त्याला. मऊ लोखंड असंल तर तापवून बुडवलंस तरी घेणार न्हाई. पन बर काढता येईल. जबडं टोकाला मिळत न्हाईत बघ, मधीच मिळत्यात, म्हनून गळ फिरतोय. आतल्या अंगानं घास. दाबायचं न्हाई, कानशीला तिचं काम करू दे. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा. मधी उजेडाकडं धरून बघायचं."

मी घासत राहिले. ते सांगत राहिले. दर दहा ओढींनंतर मी जबडे मिटून खिडकीच्या उजेडात धरायचे, मधल्या फटीतून येणारी उजेडाची रेघ मामांना दाखवायचे, आणि ते म्हणायचे, अजून. रेघ हळूहळू टोकाकडे सरकली, केसाएवढी झाली. फोन गरम झाला होता, तो मी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. चाळीसेक मिनिटं गेली असतील. मामांच्या भाषेत सांगायचं तर ते काम कुठल्याच भावात बसत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "आता पूस. तेलाचा हात फिरव आनि गळ लाव. मोठा नको, बारीक लाव."

चौदा नंबरचा गळ लावला. खटका दाबला. अंगठ्याखाली कॅम जिथे आधी भसकन पुढे जायचा तिथे आता थोडा अडून, मग बसला. मी फोन जवळ घेतला आणि गळाच्या डोळ्याजवळ नखाने टिचकी मारली.

बारीक, थॉम्पसनपेक्षा जरा बद्द, पण आला आवाज.

"परत कर," मामा म्हणाले, आणि कान स्क्रीनला लावला.